बोगद्यापलीकडचा उपास

सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६. कल्याण स्टेशनात तुम्ही लोकलची वाट बघत उभे आहात आणि डोकं अजून तापलेलंच आहे. घरातून निघताना डब्यावरून वाजलं. बुधवारपासून लेंट, ईस्टरआधीचा उपासकाळ, तेव्हा आज-उद्या अंडं खाऊन घ्यावं असा तुमचा बेत होता. ताईनं ऑम्लेट केलंच नाही. शेजारच्या काकूंनी काल महाशिवरात्रीची म्हणून दिलेली साबुदाण्याची खिचडी तिनं डब्यात भरली. तुम्ही ओट्यावर मूठ आपटलीत, बोलू नये ते बोललात आणि निघालात. एवढ्या रागातही डबा घ्यायला विसरला नाहीत.

समोर बाकावर एक नर्सबाई बसलीय. कपाळावर राख. तुम्हाला वाटतं, काल शंकराच्या देवळात लावलेलं भस्म राहिलं असेल. नीट बघता तर क्रूस.

"राखेचा बुधवार परवा आहे ना?"

"तुमचा परवा. आमचा आजपासून." मराठीला मल्याळी वळण आहे. "पन्नास दिवस. मटण नाय, मच्छी नाय, अंडा नाय, दूध पण नाय."

"मच्छीपण नाही?" तुमच्या तोंडून जातं. तुमच्या लेंटमध्ये मटण सुटतं, मासा सुटत नाही.

बाई सिरो-मलबार कॅथलिक आहे. या मंडळींचा उपास सोमवारीच बसतो. त्यांच्या धर्मप्रांताचं नावच कल्याण. तो १९८८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं सेंट थॉमस कॅथेड्रल इथेच, पश्चिमेला आहे. नाव जुन्या आठवणीवरून आलंय. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं की 'कल्लियाना'त पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. ते कल्लियाना म्हणजे आपलंच कल्याण, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तसं असेल तर नोकरीसाठी केरळहून आलेल्या माणसांनी हा उपास इथे नव्यानं आणलेला नाही. चौदाशे वर्षांनी तो माहेरी आलाय, म्हणा.

गाडी येते. दिवा गेल्यावर ती वेगळाच रूळ धरते. १९१६ सालच्या पारसिक बोगद्यातून आता लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. जलद लोकलचा रस्ता २०२२ मध्ये बदलला. आज मात्र तुमची लोकल बोगद्यात शिरते. दिवे जातात. अंधार जरा जास्तच लांबतो.

बाहेर येता तेव्हा गाडी नाही. कळवाही नाही. खाडी, चिखल, तिवरांची दाटी आणि पैलतीराला न्यायला एक होडी. साल १३२१, एप्रिलचा दुसरा आठवडा. दिल्लीला गियासुद्दीन तुघलक गादीवर आहे आणि ठाण्यात त्याच्या वतीनं एक मलिक आणि एक काझी कारभार बघतात. धक्क्यावर होर्मुझहून आलेली जहाजं आहेत. मार्को पोलोनं तीसेक वर्षांपूर्वी ज्याची तारीफ केली ते कातडं आणि सुती कापड इथूनच जातं.

गावात नेस्तोरियन, म्हणजे पर्शियाच्या चर्चशी जोडलेल्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं आहेत. त्यातल्या एका घराच्या ओसरीवर तुम्ही चढता. आत चार परके पाहुणे उतरलेत. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, फ्रान्सिस्कन साधू. तोलेंतिनोचा म्हातारा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियाचा दिमित्री. दिमित्रीला भाषा येतात म्हणून चौघांचं निभतंय. निघाले होते कोल्लमला आणि तिथून चीनला, वाऱ्यानं आणून टाकलं ठाण्यात. सोबतचा जॉर्डन नावाचा डॉमिनिकन सोपाऱ्याकडे गेलाय. पुढे तो या किनाऱ्यावरच्या फणसाबद्दल, आंब्याबद्दल आणि नारळाबद्दल असं भरभरून लिहील की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

दिवस उपासाचे आहेत. ईस्टरही आपल्या सणांसारखा चंद्राकडे बघून ठरतो, वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. यंदा तो १९ एप्रिलला आहे. चंद्र रोज थोडा थोडा भरत चाललाय.

सूर्य कलेपर्यंत घरात कुणी काही खात नाही. मग प्रार्थना होते, सुरियानी भाषेत, हेल काढून. प्रार्थना संपली की घरची बाई पानं मांडते. भात, नारळाचं दूध घातलेली डाळ, मीठ लावलेली कैरी. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. तूप नाही, दही नाही, मासा नाही. खाडी हाकेच्या अंतरावर, जाळी भरून येतायत, पण या घरात पन्नास दिवस मासा शिजत नाही. पाहुण्यांच्या रोमन रिवाजात लेंटमध्ये मासा चालतो. त्यांच्या १२२३ च्या नियमावलीत उपासाचे दिवस नेमून दिलेत, आणि त्याच कलमात असंही आहे की समोर येईल ते अन्न खावं. म्हणून ते यजमानांच्या नियमानं जेवतात. मला हे कलम फार आवडतं. उपास करणारा माणूस पाहुणा म्हणून किती त्रासदायक होऊ शकतो, हे त्यांच्या संघाचा संस्थापक फ्रान्सिस पुरतं ओळखून होता.

तुम्हीही पानावर बसता आणि शिष्टाचार म्हणून आपला डबा पुढे करता. बाई झाकण उचलते. तिची मराठी तुम्हाला अर्धीमुर्धी कळते, ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला अजून बत्तीस वर्षंही झालेली नाहीत. ती खिचडीतलं एकेक बोटानं बाजूला करून बघते. पांढरे मणी, साबुदाणा. हे काय? शेंगदाण्याचं कूट. हे काय? बटाट्याची फोड. हिरव्या मिरचीचा तुकडा ती चावते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. यातलं काहीच तिनं पाहिलेलं नाही, आणि पाहणार कुठून? मिरची, शेंगदाणा, बटाटा, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळं अजून समुद्रापलीकडच्या त्या खंडात आहे ज्याचं नावही इथे कुणाला ठाऊक नाही.

मग ती डबा नाकाशी नेते आणि थबकते. तूप.

"उपास," ती म्हणते आणि डबा खाली ठेवते.

तुम्हाला हसू येतं. ही खिचडी तुमच्या काकूंच्या कडक उपासाची, आणि हिच्या उपासाला चालत नाही. हिच्या पानातला भात काकूंना एकादशीला चालणार नाही. दोघी समोरासमोर बसल्या तर एकमेकींच्या ताटाला हात लावणार नाहीत, आणि दोघींचा देव म्हणे पोटात काय जातं ते मोजत बसलेला नाही.

रात्री कोपऱ्यात खुडबुड होते. घूस. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन इथे येईल आणि लिहून ठेवेल की ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. खिचडी तीच फस्त करते. सकाळी बाई रिकामा डबा राखेनं घासते आणि उन्हात धरून त्याच्या लखलखाटाकडे बघत राहते.

मग ती आत जाते आणि आतून आवाज येतो. आधी नवऱ्याचा. मग दोघांचा. मग आवाज नव्हे, धप्प. तुम्ही तो ओळखता. मूठ कशावर तरी आपटल्याचा. फक्त या वेळी खाली ओटा नाही.

घर उपासाचं आहे. कालच्या संध्याकाळच्या जेवणानंतर तोंडाला पाणी फक्त. बायबलमधल्या यशयाच्या ५८ व्या अध्यायात नेमकं हेच आहे. उपास धरता आणि भांडता, उपास धरता आणि मुठी उगारता, असल्या उपासाचं मी काय करू, असा देवाचा सवाल संदेष्टा लोकांपुढे टाकतो. तो अध्याय या घरात सुरियानीत वाचलाही जात असेल. नवऱ्यानं ऐकलाही असेल.

बाई डोक्यावरून पदर घेते आणि काझीकडे जाते. एकटी. पुढचा सारा इतिहास तिच्या या चालत जाण्यातून निघालाय. ओडोरिकच्या वृत्तांतात ती आहे, पण नुसती 'बायको' म्हणून. काझी विचारतो, मारलं याला साक्षीदार कोण? ती सांगते, घरी चार परदेशी रब्बान, म्हणजे साधू, आहेत, त्यांनी पाहिलंय. बोलावणं येतं. पीटर सामानापाशी थांबतो, तिघं जातात. साक्ष राहते बाजूला आणि धर्मावर वाद पेटतो. ख्रिस्ती वृत्तांतांत तो सविस्तर आहे, आगीच्या परीक्षेसकट. मी तो इथे उगाळत नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, ९ एप्रिलच्या रात्री, तिघं मारले जातात. पीटर ११ तारखेला. उपास सुटायला आठवडा उरलेला असतो. जॉर्डन परत येऊन त्यांना सोपाऱ्यात पुरतो, आणि ओडोरिक ती हाडं उकरून जहाजानं थेट चीनला नेतो.

बाईच्या फिर्यादीचं काय झालं? निकालाचं कुणी लिहिलं नाही. चौघांना पुढे हुतात्मे म्हणून मान मिळाला, ती ओसरीवरच राहिली.

तुम्ही धावत खाडी गाठता. बोगदा तुम्हाला लगेच घरी सोडत नाही.

पहिल्यांदा उजेड येतो तेव्हा ठाण्यावर पोर्तुगीजांचा झेंडा आहे. सतरावं शतक. लेंटमधला शुक्रवार, ख्रिस्ती कोळ्याचं घर. मांस वर्ज्य. चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटतंय, शेजारी तांदळाची भाकरी. घरमालक अगदी गंभीरपणे तुम्हाला सांगतो की आज उपास आहे. समुद्रावर जगणाऱ्याला मांस सोडून मासा खा म्हणणं म्हणजे देशावरच्या शेतकऱ्याला पुरणपोळी सोडून भाकरी खा म्हणण्यासारखं. रोज खातो तेच, वर पुण्य. ज्याला दूध-अंडंही सोडवत नाही त्याच्यासाठी पोर्तुगालच्या राजाच्या मुलखात 'बुला दा क्रुझादा' आहे. ठरलेली रक्कम द्यायची, सूट घ्यायची. एकादशी दुप्पट खाशी म्हणून हिंदूंना हसायची सोय ख्रिस्ती माणसाला कधीच नव्हती. आणि याच लोकांच्या जहाजांतून मिरची येते, शेंगदाणा येतो, 'बटाटा' हा शब्दसुद्धा येतो. काकूंच्या खिचडीचं सामान हळूहळू धक्क्यावर उतरतंय.

दुसऱ्यांदा उजेड येतो तो कंदिलाचा. १९५२. ठाण्यातलं एक चाळवजा घर, पहाटेचे पाच. आज पहिल्या मिस्साला जाऊन कम्युनियन घ्यायचं. त्यासाठी मध्यरात्रीपासून पोट कोरडं हवं, पाण्याचा थेंबही नको. आईनं रात्रीच माठावर ताटली पालथी घातलीय आणि तिच्यावर वरवंटा ठेवलाय, झोपेत पोरांचा हात जाऊ नये म्हणून. तरीही धाकटा चूळ भरताना घोट गिळतो आणि रडायला लागतो. कम्युनियन गेलं. आई त्याचं तोंड पुसते, ओरडत नाही. जानेवारी १९५३ मध्ये पोप बारावे पायस पाण्यानं उपास मोडत नाही असं जाहीर करतील. १९५७ मध्ये मध्यरात्रीची अट जाऊन तीन तास होतील, १९६४ मध्ये एकच तास. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल लेंटचाही नियम सैल करतील. सक्तीचा उपास उरेल दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. एक पोटभर जेवण, दोन वेळा थोडंसं, आणि साठीच्या उंबरठ्यावर तेही माफ. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. तिथेच गोची आहे. माठावरचा वरवंटा काढला की हात कुठे जाईल ते ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

बोगदा संपतो. या वेळी बाहेर मुंब्रा बायपासचे दिवे, रेतीचे ढीग, कळव्याचे टॉवर.

बुधवारी तुम्ही कपाळावर राख घेता. त्याच मिस्सामध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायातून वाचतात की उपास करताना तोंड धू, तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. ते ऐकून सगळे रांगेत उभे राहतात आणि कपाळ काळं करून घेतात. हा विनोद दरवर्षी होतो आणि दरवर्षी कुणी हसत नाही. ऑफिसात तीन जण विचारतात, काय लागलंय?

शुक्रवारी, २० तारखेला, कामावर जाण्याआधी तुम्ही ठाण्याला उतरता. या आठवड्यात रोजेही सुरू झालेत. येताना लोकलच्या डब्यात समोरचा माणूस मुंब्र्याला चढलाय, तो डोळे मिटून बसलाय, ओठ सुकलेले. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मागच्या बाकावर तुम्ही बसता. पंखा कुरकुरतो. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारचं पहिलं वाचन ठरलेलं असतं. यशया, अध्याय ५८.

वाचक मुठीच्या वाक्यापाशी येतो. तुमचा उजवा हात मांडीवर असतो. तुम्ही तो उघडून बघता.

बाहेर आल्यावर फोन वाजतो. ताईचा मेसेज. सोमवारपासून तिनं तुमच्याशी एक शब्द बोललेला नाही, आणि आताही एवढंच विचारलंय:

'स्टीलचा डबा कुठे ठेवलायस? सोमवारपासून दिसत नाही.'

तलावाच्या कठड्यावर टेकून तुम्ही लिहायला घेता. 'ताई, सोमवारी मी'

आणि पुढे काय लिहावं हे बराच वेळ सुचत नाही.