रायफलची वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी कशी तयार करतात?

रायफलमधून गोळी झाडल्यावर रिकामी पितळी पुंगळी बाहेर पडते. अमेरिकेत अनेक नेमबाज ती जपून ठेवतात आणि तिच्यात नवा प्राइमर, दारू व गोळी बसवून स्वतःच काडतूस तयार करतात. याला हँडलोडिंग म्हणतात. प्रत्येक गोळी एकाच जागी लागायची, तर सगळ्या पुंगळ्या एकसारख्या असाव्या लागतात.

पुंगळीत काय बदलते?
पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. दारू पेटताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब उतरल्यावर ती थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही.

तपासणी
आधी पुंगळ्या कंपनीनुसार आणि किती वेळा वापरल्या त्यानुसार वेगळ्या करतात. मानेला चीर असेल किंवा बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे दिसत असेल, तर ती पुंगळी बाद होते. त्या कड्याच्या जागी पितळ आतून पातळ झालेले असते. तेथे पुंगळी तुटली, तर तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो.

माप
सफाई करून जुना प्राइमर काढतात. मग वंगण लावून पुंगळी डायमध्ये दाबतात. बोल्ट रायफलसाठी तिचा खांदा साधारण ०.०५ मिलिमीटरच मागे सरकवतात. तो जास्त सरकला, तर पुढच्या प्रत्येक बारात पितळ बुडाजवळ ताणले जाते.

दाबल्याने पुंगळीची लांबीही वाढते. ‘.३०८ विंचेस्टर’साठी कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. कापून ती ५०.९३ च्या आसपास आणतात. लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक वाढतो. कापल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून घासून काढतात.

मानेला ऊब
ठोकून ठोकून तांब्याचे भांडे कडक होते, तशीच वारंवार वापरलेली मानही कडक होते. मग ती प्रत्येक गोळीला सारखी पकड देत नाही. म्हणून फक्त मान आणि खांदा तापवून मऊ करतात. बूड कधीच तापवत नाहीत, कारण दाब तेच पेलते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.