तिच्या हातात काय होतं?

आमच्या गावच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर एड्सची एक सरकारी जाहिरात रंगवलेली असायची. जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, निरोध वापरा, असा साधा मजकूर होता. त्याच सुमारास आमच्या मोहल्ल्यातली एक बाई नवऱ्याच्या मागोमाग वर्षभरात वारली. नवरा मुंबईत ड्रायव्हर होता. तिच्या जनाज्याला मोजकीच माणसं आली. 'आपल्यात हा आजार नसतो' असं छातीठोक सांगणारे बुजुर्ग त्या दिवशी गप्प होते.

त्या बाईने एकनिष्ठेत कसूर केलेली नव्हती. निरोध वापरायचा की नाही, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. म्हणजे भिंतीवरच्या सल्ल्यातलं एकही वाक्य तिच्या कामाचं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. आलं, तेही दक्षिण आफ्रिकेतल्या एका संशोधनाचा इतिहास वाचताना.

या इतिहासाच्या मध्यभागी एक जोडपं आहे, कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम. कुरैशा यांचा जन्म १९६० सालचा, टोंगाटचा. नाताल प्रांतातल्या या ऊसपट्ट्यात हिंदुस्थानातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या पिढ्या राबल्या. सलीम डर्बनचे डॉक्टर. वर्णभेदाच्या काळात वाढलेले हे दोघे १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साथरोगशास्त्र शिकले. तिथे त्यांना झेना स्टाइन आणि मर्विन सस्सर हे गुरू भेटले. हे दोघेही वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका सोडून गेलेले. झेना स्टाइन यांनी १९९० साली एक लेख लिहिला. एचआयव्ही रोखायचा तर बाईला स्वतः वापरता येईल असं साधन हवं, हे त्याचं सार. तेव्हा जगात असं एकही साधन नव्हतं.

मायदेशी परतल्यावर कुरैशा यांनी नातालच्या ग्रामीण भागात रक्तनमुन्यांची पाहणी केली. एचआयव्हीचं प्रमाण अजून कमी होतं, पण आकड्यांची मांडणी विचित्र होती. पुरुषांपेक्षा बायकांत लागण कितीतरी जास्त. त्यातही पंधरा ते एकोणीस वयाच्या मुली बाधित, आणि त्याच वयाची मुलं जवळपास कोरी. मुलींना हा विषाणू वर्गातल्या पोरांकडून मिळत नव्हता, तर मग कोणाकडून? ही पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. पुढची तीस वर्षं या दोघांचं काम याच प्रश्नाभोवती फिरत राहिलं.

त्यानंतर कुरैशा महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर धंदा करणाऱ्या बायकांशी बोलल्या. निरोधचं नाव काढलं की गिऱ्हाईक जातं, पैसे कमी मिळतात, कधी मारही बसतो, असं त्या बायकांनी सांगितलं. आजार कसा होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्ञानाची कमतरता नव्हती, अधिकाराची होती. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध हाच. त्याला प्रयोगशाळा लागली नाही, कोणीतरी बसून ऐकून घ्यावं लागलं.

दरम्यान साथ भडकली. दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १९९० साली एक टक्क्याहून कमी होतं. १९९९ साली ते २२ टक्क्यांवर गेलं. जुलै २००० मध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली. तिच्या वैज्ञानिक कार्यक्रमाची जबाबदारी सलीम यांच्याकडे होती. पण देशाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनाच एचआयव्हीमुळे एड्स होतो याबद्दल शंका होती. परिषदेआधी पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं की, पुरावा निर्विवाद आहे. तरीही सरकारने औषधं द्यायला उशीर केला. त्या दिरंगाईने तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला.

याच परिषदेत आणखी एक वाईट बातमी आली. 'नॉनोक्सिनॉल-९' या शुक्राणुनाशक जेलने बायकांचं संरक्षण होईल, अशी आशा होती. चाचणीत उलटंच दिसलं. जेल वापरणाऱ्या बायकांमध्ये लागण जास्त निघाली.

आता आपल्याकडे आवडीने सांगितल्या जाणाऱ्या एका संशोधनाबद्दल. सुंता केल्याने एचआयव्हीचा धोका कमी होतो, हे सिद्ध झाल्याचे संदेश आपण व्हॉट्सॲपवर वाचले असतील. ते खोटं नाही. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातलं राकाई, या तीन ठिकाणच्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना बाईकडून होणारी लागण निम्म्याहून कमी झाली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून शिफारसही केली. पण त्या संदेशांत दुसरा भाग नसतो. राकाईत आधीच बाधित असलेल्या पुरुषांची सुंता करून पाहिली, तेव्हा त्यांच्या बायकांना त्यातून संरक्षण मिळालं नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोणी पुढे पाठवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या बाईच्या नवऱ्याची सुंता झालेलीच होती.

२००२ साली अब्दुल करीम दांपत्याने डर्बनमध्ये 'काप्रिसा' ही संशोधन संस्था उभी केली. २००७ ते २०१० या काळात तिथे ८८९ बायकांवर एक चाचणी झाली. काही बायका डर्बन शहरातल्या होत्या, काही वुलिंडलेला या ग्रामीण भागातल्या. एचआयव्हीच्या उपचारात वापरलं जाणारं टेनोफोविर हे औषध जेलमध्ये घातलं होतं. संबंधाच्या आधी बारा तासांत एकदा आणि नंतर बारा तासांत एकदा ते लावायचं. निम्म्या बायकांना औषध नसलेलं जेल दिलं गेलं. कोणाला कोणतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. दर महिन्याला वापरलेल्या नळ्या परत आणून मोजल्या जात.

निकाल आला तेव्हा औषधाच्या गटात ३८ आणि दुसऱ्या गटात ६० बायका बाधित निघाल्या. धोका ३९ टक्क्यांनी घटला होता. जुलै २०१० मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत हे जाहीर झालं आणि सभागृह उठून उभं राहिलं. नवऱ्याला न विचारता बाईला वापरता येईल असं काहीतरी काम करतं, हे पहिल्यांदाच दिसलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती चित्रपटाची गोष्ट झाली असती. विज्ञानात निकाल पुन्हा तपासला जातो. दोन हजारांहून अधिक बायकांवर पुन्हा चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत लागण जवळपास सारखी होती. कारण शोधलं, तर अनेकींनी जेल नियमित वापरलंच नव्हतं. त्यातल्या बहुतेक तरुण होत्या, आईवडील आणि भावंडांसोबत राहत होत्या. लहान घरात अशी वस्तू ठेवायची कुठे, आणि सापडली तर सांगायचं काय? चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलींना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

इथे संशोधकांना त्या मुलींवर खापर फोडता आलं असतं. त्यांनी साधनच बदलायचं ठरवलं. लपवावं लागणार नाही, रोज आठवावं लागणार नाही, असं काही हवं होतं. लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून फक्त दोनदा घ्यावं लागतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींवर त्याची चाचणी झाली. २०२४ साली आलेल्या निकालात इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. हे काम काप्रिसाचं एकटीचं नव्हतं, त्यामागे एक अमेरिकी कंपनी आणि दोन्ही देशांतले अनेक संशोधक होते. मात्र चाचणी कोणासाठी करायची, हे डर्बनच्या त्या जुन्या पाहणीनेच दाखवून दिलं होतं.

त्या पाहणीतल्या प्रश्नाचं उत्तरही मधल्या काळात मिळालं. काप्रिसाच्या पथकाने विषाणूंची जनुकीय वंशावळ जुळवून २०१७ साली दाखवलं की, तरुण मुलींना लागण होते ती प्रामुख्याने आपल्याहून सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून. २०२४ साली या दांपत्याला अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता प्रश्न किमतीचा आहे. अमेरिकेत या इंजेक्शनची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर आहे. अशीच वेळ २००१ साली आली होती. तेव्हा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून जास्त लागत. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केली आणि आफ्रिकेतल्या उपचाराचा नकाशा बदलला. या वेळी परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एक आहे. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला हे इंजेक्शन देण्याचं ठरवलं आहे. दुसरीकडे २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही चाचण्या अर्ध्यावर थांबल्या. औषध सापडलं म्हणजे ते पोहोचलं असं नसतं, हे म्बेकींच्या काळाने दाखवलेलंच आहे.

एसटी स्टँडची ती भिंत आता पाडली आहे. ती जाहिरात लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्याने ती लिहिण्याआधी त्या बाईला, किंवा तिच्यासारख्या कोणाला, काही विचारलं नव्हतं, एवढंच. डर्बनमध्ये कोणीतरी विचारलं.