नितळ पाण्याचा शोध

१७६६ च्या तहाने निजामाने उत्तर सरकार प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, १७८८ मध्ये गुंटूरही गेले, आणि हैदराबाद राज्याला समुद्र उरला नाही. १९५६ ते २०१४ ही अठ्ठावन्न वर्षे आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या नकाशाला लांबलचक किनारा होता. पण पैनगंगेच्या आणि गोदावरीच्या काठी वस्ती करून राहिलेल्या आपल्या मराठी घरांना पाणी म्हणजे नदीचे पाणी. समुद्र ऐकायचा तो शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या कथांतून. आता मात्र सुटीचा विषय निघाला की नातवंडे मालवण, लक्षद्वीप, अंदमान ही नावे घेतात. त्यांना किनाऱ्यावर बसायचे नसते. पाण्याखाली उतरून छायाचित्रे काढायची असतात. खर्च मोठा, रजा थोडी, आणि ठिकाण चुकले तर हिरवट धुक्याखेरीज हाती काही लागत नाही. अशी ठिकाणे पूर्वी कोणी व कशी निवडली हे पाहिले, तर आजची निवड बरीच सोपी होते, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे लुई बुताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये समुद्राखाली छायाचित्रण आरंभले. तेथे सागरी प्रयोगशाळा होती, मदतीला माणसे होती, लाटांपासून आडोसा होता आणि भूमध्य समुद्राचे पाणी स्वच्छ होते. पुढे फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवर लाँगली आणि मार्टिन या जोडीने १९२६ मध्ये पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून त्यांनी खाली प्रकाश पाडला. त्या बेटांवरही प्रयोगशाळा होती आणि आसपास नदी नव्हती. १९४३ मध्ये कुस्तो व गान्याँ यांनी पाठीवर वाहायचे श्वसनयंत्र सिद्ध केले, १९६३ पासून निकोनॉस हा पाण्यात चालणारा कॅमेरा बाजारात आला, आणि शास्त्रज्ञांचे काम हौशी लोकांच्या आवाक्यात आले. साधने बदलली, तरी पाणी नितळ असावे, लाटांना आडोसा असावा आणि मदत जवळ असावी, या तीन अटी काही बदलल्या नाहीत.

यातली पहिली अट आपल्याला सर्वांत लवकर कळायला हवी, कारण गढूळ पाणी आपल्याच दारातून जाते. पावसाळ्यात पैनगंगा आपली काळी माती घेऊन वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती कालेश्वरम् येथे गोदावरीत उतरते. धरणांत बराच गाळ अडतो, उरलेला बंगालच्या उपसागरात जातो. म्हणून समुद्र आपल्याला सर्वांत जवळ पडतो तो आंध्रचा, म्हणून तोच निवडावा, हा विचार कॅमेऱ्याच्या दृष्टीने फारसा टिकत नाही. मोठ्या नद्यांच्या मुखापासून जितके दूर जावे तितका प्रकाश खोलवर पोहोचतो. शिवाय पाणी लाल रंग आधी गिळते. पाच-सहा मीटरांखाली लाल प्रवाळही करडे दिसू लागते. त्यामुळे सोबत दिवा नसेल, तर उथळ जागा आणि दुपारचे ऊन हेच खरे सोबती.

मालवणची गोष्ट आपल्या मनाला सर्वांत जवळची. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्याच परिसराला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपल्या जाळ्यांवर बंधने येतील म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. खडकांवर प्रवाळ आहेत, मासे विपुल आहेत. पण जवळच देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यानंतर काही काळ पाणी मळकट असते. दसऱ्याच्या सुटीत तेथे गेलेली मंडळी हिरमुसून परततात ती यामुळे. संक्रांतीच्या सुमारास गेले तर चित्र पुष्कळ बरे असते. तरीही दूरवरचे दृश्य टिपण्याची आशा धरू नये. हातभर अंतरावरचा मासा, खडकावरचे प्रवाळ, खेकड्याची नांगी, अशी जवळची चित्रे घ्यावीत. माशांना खाऊ टाकून त्यांचा थवा कॅमेऱ्यासमोर जमवण्याची तेथे जी रीत पडली आहे, ती आम्हांस रुचत नाही. त्यात छायाचित्र एकच निघते आणि ते सर्वांचे सारखे असते.

विजयदुर्गाची बाब याहून कठीण. १७२० मध्ये इंग्रजांचा हल्ला तेथे फसला. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो किल्ला घेतला. पाण्याखालच्या भिंतीवर आदळून शत्रूची जहाजे फुटत, अशी आख्यायिका आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तेथे बुडालेली भिंत सापडलीही. पण मळकट पाण्यात ती एका चौकटीत मावणे अवघड. इतिहासाची ओढ असणाऱ्याने किल्ला पाहावा, कॅमेरा किनाऱ्यावर चालवावा. कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारभाग तर किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. कुटुंबाच्या सुटीसाठी तो नाही.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच रचलेली. त्यांवर नदी नाही, म्हणून गाळही नाही. तेथे दूरवरचे दृश्य मिळते आणि हाच त्या बेटांचा खरा लाभ. मात्र प्रवेशासाठी परवाना लागतो, त्याची तजवीज आधीच करावी, आणि पावसाळी वारे सुरू होण्यापूर्वी परतावे.

अंदमानाला आपली मंडळी बहुधा सेल्युलर जेलसाठी जातात. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगात सावरकर १९११ ते १९२१ या काळात होते. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तेथून बोटीने हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, गाठता येते. तेथे पाणबुडीचे शिक्षक आहेत, आडोसा आहे, पाणी स्वच्छ आहे. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत समुद्र तापला आणि अंदमानातले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले, हे जाणून जावे. जुन्या पुस्तकांतील रंग सर्वत्र सापडणार नाहीत. उलट, आज जे टिपले जाईल ते उद्या कोणाला तुलनेसाठी उपयोगी पडेल. त्यामुळे छायाचित्राखाली ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी.

सुटीचे दिवस आखताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वारंवार खोल उतरल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो, त्यामुळे निदान अठरा तास विमानात बसू नये. म्हणून आमची सूचना अशी की स्वराज द्वीप आधी करावे, परत येऊन शेवटचा पूर्ण दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा, आणि हैदराबादचे विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे घ्यावे.