स्कॅनर घेऊ का? 42.34 मीटरपासून टिपेश्वरच्या वाघापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. यवतमाळातल्या पोरांकडून हल्ली तो बरेचदा येतो: "ऑनलाइन हँडहेल्ड रेडिओ स्कॅनर दिसतोय. घेऊ का? आणि घेतला तर त्यावर ऐकू काय?"

उत्तर देईन, पण आधी थोडा इतिहास. कारण आपल्या देशात रेडिओवर बोलण्याइतकंच, रेडिओ ऐकण्यालाही सरकार पहिल्यापासून बिचकत आलंय.

आधी, स्कॅनर म्हणजे काय?

साध्या रेडिओत आपण बटण फिरवून एक स्टेशन लावतो. स्कॅनर हे काम स्वतः करतो. तो एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत जातो आणि कुठे कुणी बोलताना सापडलं की थांबतो. बोलणं संपलं की पुढे निघतो. त्यावर स्क्वेल्च नावाचं एक बटण असतं. कुणी बोलत नसताना येणारी खरखर ते बंद ठेवतं. नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो. स्क्वेल्च फार चढवला की लांबचे कमजोर आवाजही त्या खरखरीबरोबर बंद होतात, आणि माणूस म्हणतो, सेट खराब आहे.

स्कॅनर फक्त ऐकतो, बोलत नाही. मग कायद्याला त्यात खुपण्यासारखं काय आहे?

1927: दहा रुपयांचं लायसन्स

23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ही कंपनी खाजगी होती आणि ती चालायची मुख्यतः श्रोत्यांच्या लायसन्स फीवर. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपये भरायचे, आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा. दहा रुपये तेव्हा थोडे नव्हते. लोकांनी काय केलं असेल? सेट आणला, तार छपरावर टाकली, लायसन्स मात्र काढलंच नाही. 1930 मध्ये कंपनी बुडाली.

मग आला 1933 चा भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा. लायसन्स नसताना वायरलेस यंत्र नुसतं घरात बाळगलं तरी गुन्हा, असं त्यानं ठरवलं. फी चुकवणाऱ्यांना पकडणं हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आजी-आजोबांना विचारून बघा. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरल्याची आठवण घरातल्या कुणाला तरी असेलच. साध्या रेडिओची ही फी 1980 च्या दशकात गेली. पण यंत्र बाळगायलाच परवानगी हवी, हा विचार मागे राहिला.

1942: चोरून बोलणारे, चोरून ऐकणारे

'ऐ वतन मेरे वतन' हा 2024 चा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. त्यातली उषा मेहता खरी. भारत छोडो आंदोलन पेटलं तेव्हा ती 22 वर्षांची होती. गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. अशा वेळी तिनं विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी वगैरे साथीदारांबरोबर काँग्रेस रेडिओ उभा केला. राम मनोहर लोहियांचा त्यामागे मोठा हात होता. ऑगस्ट 1942 च्या अखेरीस प्रक्षेपण सुरू झालं. आम्ही 42.34 मीटरवर, भारतात कुठून तरी बोलतोय, अशा अर्थाची घोषणा सुरुवातीला व्हायची.

आपल्या भागाशी याचा काय संबंध? वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर. दोन्ही जिल्हे आपल्या यवतमाळला अगदी लागून. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर पेटलं, आणि पुढच्या दिवसांत लष्कर-पोलिसांनी गावावर अत्याचार केले. छापील बातमीवर बंदी होती. आष्टी-चिमूरची हकिकत देशाला सांगणाऱ्यांत हा चोरटा रेडिओ होता. शेजारच्या गावात काय घडलं, हे कळायलाही तेव्हा शॉर्टवेव्हचा सेट आणि हिंमत लागत होती.

तिकडे पोलिसही कानात हेडफोन घालून बसले होते. ते रोज ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. गंमत बघा, काँग्रेस रेडिओवरून काय बोललं गेलं हे आज आपल्याला वाचता येतं, ते बरंचसं पोलिसांच्या त्या नोंदींमुळेच.

ऐकण्यापलीकडे पोलीस आणखी एक गोष्ट करत होते, ती म्हणजे दिशा शोधणं. विशिष्ट अँटेना फिरवत राहायची आणि आवाज सगळ्यात मोठा कुठल्या बाजूनं येतो ते बघायचं. नकाशावर त्या दिशेला रेघ मारायची. मग दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तेच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. म्हणून ही मंडळी चौपाटीजवळच्या सी व्ह्यू इमारतीपासून सुरुवात करून सतत जागा बदलत राहिली. शेवटी घात झाला तो यंत्रानं नाही, माणसानं. त्यांच्याच तंत्रज्ञानं पोलिसांना पत्ता दाखवला आणि 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावातल्या पारेखवाडीत धाड पडली. खाकरांना पाच वर्षांची, उषाबेनला चार वर्षांची आणि झवेरींना एका वर्षाची शिक्षा झाली.

आता एक छोटं गणित करा. 300 ला 42.34 नं भागा. उत्तर येतं सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. ही जागा आज हॅम रेडिओवाल्यांच्या 40 मीटर बँडमध्ये येते. ज्या जागेवरून बोलल्याबद्दल तुरुंगवास झाला, तिथे आज परवानाधारक हौशी मंडळी हवापाण्याच्या गप्पा मारतात.

2019: टिपेश्वरची 'बीप'

आता मुंबई सोडून आपल्या जिल्ह्यात या. पांढरकवडा-घाटंजीच्या बाजूचं टिपेश्वर अभयारण्य, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं. फेब्रुवारी 2019 मध्ये इथल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. पावसाळा लागताना तो घर सोडून निघाला. तेलंगणाचा भाग, मराठवाडा, पश्चिम विदर्भ असं करत वर्षाअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी मिळून पायपीट भरली 3,000 किलोमीटरच्या वर. नाव पडलं 'वॉकर'.

कॉलर जीपीएसची असली तरी जंगलात प्रत्यक्ष प्राणी गाठायला व्हीएचएफ लहरी कामी येतात. कॉलरमधून ठरावीक अंतरानं बीप निघते. संशोधकाच्या एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी यागी. ती फिरवायची, बीप मोठी येते ती दिशा धरायची, दोन-तीन ठिकाणांहून रेघा मारायच्या. म्हणजे 1942 ची पोलिसांची तीच युक्ती, पण इथे ती वाघाची काळजी घ्यायला वापरली जाते.

आता खरा प्रश्न. ती बीप उद्या कुणालाही ऐकता आली तर? शिकाऱ्यालाही आली तर? ही भीती उगाच नाही. 2013 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यावर यायची, ते खातं उघडण्याचा प्रयत्न झाला होता.

म्हणजे बघा राजेहो, ऐकण्यावर कुंपण घातलं गेलं ते कधी फी वसुलीसाठी, कधी स्वातंत्र्याचा आवाज दाबण्यासाठी, तर कधी खरोखर कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून. कुंपण दिसलं की ते कुणाच्या राखणीसाठी आहे, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. पण रिसीव्हरला यातलं काही कळत नाही. पुढे आलेली लहर तो पकडतो. काय ऐकायचं आणि काय नाही, हे हातात सेट धरणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

मग घेऊ का?

आता सरळ उत्तर. पोलीस, वन विभाग, विमानं यांचं बोलणं ऐकायला म्हणून स्कॅनर घेऊ नका. ते प्रसारण नव्हे, कुणाचं तरी कामाचं बोलणं आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यानंही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी हवी, हे तत्त्व कायम ठेवलंय. दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतं' असंही समजू नका. परवान्याची नीट माहिती न देता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2025 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा दिल्या आहेत.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिलं, पैसे न घालता. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा प्रसिद्ध आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि बोटानं फ्रिक्वेन्सी बदला. एएम, एफएम आणि एसएसबी यांतला फरक कानाला तिथेच कळतो. आवाज बदकासारखा येत असेल तर समजा एसएसबी आहे, आणि तुमचा मोड चुकलाय.

दुसरं, हातात मावणारा, प्रसारण ऐकण्यासाठीचाच रेडिओ घ्या, ज्यात मीडियम वेव्ह, एफएम, शॉर्टवेव्ह आणि एसएसबी हे सगळं आहे. एसएसबी नसेल तर 7.08 वर नुसती बडबड ऐकू येईल, शब्द नाही. डब्यावर चॅनेल किती लिहिलेत याला फार महत्त्व देऊ नका. चांगली अँटेना त्यापेक्षा जास्त कामाची. शॉर्टवेव्हसाठी काही मीटर साधी तार गच्चीवर ताणा. एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जरपासून सेट लांब ठेवा, खरखर निम्मी तिथूनच येते. ऐकायला रात्र बरी, तेव्हा लांबची स्टेशनं लागतात.

तिसरं, गोडी लागली तर हॅमची परीक्षा द्या. 12 वर्षं पूर्ण झाली की देता येते. मग ऐकायलाही मोकळे आणि बोलायलाही.

आज रात्री जेवण झालं की गच्चीवर जा आणि 7.08 लावा. कुणीतरी कुठल्या तरी गावाहून आपलं नाव-गाव सांगत असेल. 1942 मध्ये याच जागेवरून बोलणाऱ्यांना आपण कुठे आहोत हेच लपवावं लागत होतं.

काही ऐकू आलं तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच.