नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज लोहमार्ग

नागपूरचे इतवारी स्थानक आणि सातपुड्याच्या पठारावरील छिंदवाडा यांना जोडणारा, आता बंद झालेला 762 मिमी. (अडीच फूट) मापाचा लोहमार्ग. लांबी सुमारे 150 किमी. कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी, भंडारकुंड व उमरानाला ही त्यावरील काही स्थानके. सातपुड्यातील विस्तृत नॅरोगेज जाळ्याचा तो एक भाग होता.

पार्श्वभूमी : नागपूर–राजनांदगाव मीटरगेज मार्ग 1880–82 मध्ये सुरू झाला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पूर्वेकडे वाढवला. सातपुड्याचा प्रदेश मात्र रेल्वेपासून दूरच राहिला. 1896–97 व 1899–1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांताची मोठी हानी झाली आणि आतील भागात धान्य पोहोचवण्याची गरज ठळक झाली. विरळ वस्ती व डोंगराळ जमीन यांमुळे कमी खर्चाचे नॅरोगेज माप निवडले गेले. या मापात तीव्र वळणे घेता येतात, त्यामुळे खोदाई कमी लागते. रूळ आणि पूलही हलके चालतात. गोंदिया–नैनपूर–जबलपूर मार्ग 1903–05 दरम्यान झाला. नागपूर–छिंदवाडा मार्ग त्यानंतर, 1910 च्या दशकाच्या प्रारंभी खुला झाला.

मार्ग व वाहतूक : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मी., तर छिंदवाडा सुमारे 675 मी. उंचीवर आहे. सौंसरपर्यंतचा मार्ग बहुतांशी सपाटीचा होता. रामाकोन्यापुढे घाटाचा चढ लागे. सावनेर–सौंसर पट्ट्यातील कापूस व संत्री, खापा परिसरातील मँगनीज आणि सातपुड्यातील लाकूड हा या प्रदेशाचा मुख्य माल. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर मार्ग दोन राज्यांत विभागला गेला. तरी सौंसरकडील मराठी भाषकांचे नागपूरशी व्यवहार सुरूच राहिले. सौंसर तालुका 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे.

व्यवस्थापन : बंगाल-नागपूर रेल्वे 1944 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. 1952 मध्ये हा मार्ग पूर्व रेल्वेत, 1955 मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि 2003 मध्ये दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात गेला. वाफेच्या इंजिनांची जागा पुढे झेडडीएम वर्गातील डिझेल इंजिनांनी घेतली. नॅरोगेजच्या गाड्यांची देखभाल नागपूरच्या मोतीबाग कारखान्यात होई.

ऱ्हास : बांधकाम स्वस्त करणारे अरुंद मापच पुढे अडचणीचे ठरले. ब्रॉडगेजच्या वाघिणी या रुळांवर चालत नसल्याने दूरचा माल वाटेत उतरवून पुन्हा भरावा लागे. वेगही कमी होता. रस्ते सुधारल्यावर संत्री व भाजीपाला ट्रककडे आणि प्रवासी एसटीकडे वळले. खापरखेडा–सावनेर भागात कोळसा खाणी, तर कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी खापरखेडा केंद्राची क्षमता 1,340 मेगावॉट आहे. एवढ्या उद्योगाला लागणारा अवजड माल वाहणे नॅरोगेजच्या आवाक्याबाहेरचे होते.

रूपांतर : मापबदलाचा प्रकल्प 2005–06 मध्ये मंजूर झाला. 2015 च्या अखेरीस नॅरोगेज गाड्या थांबल्या. घाटात बोगदा व उंच पूल बांधावे लागल्याने ब्रॉडगेज टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले आणि 2021 मध्ये नागपूर व छिंदवाडा पुन्हा थेट जोडले गेले. या जाळ्यातील इतवारी–नागभीड मार्गही नोव्हेंबर 2019 मध्ये मापबदलासाठी बंद करण्यात आला. मोतीबाग येथे 2002 मध्ये सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात या जाळ्यावरील जुनी इंजिने, डबे व उपकरणे जतन केली आहेत.