डावा पाय, उजवा पाय

1928 मध्ये मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जुहूच्या मैदानावर हौशी वैमानिक घडू लागले. त्यांची मॉथ जातीची विमानं आकाशात गुणी, जमिनीवर मात्र हट्टी. पुढे दोन चाकं, शेपटीखाली नुसता टेकू, आणि ब्रेक नाहीत.

खोड रचनेतच होती. विमानाचा भार चाकांच्या मागे पडे. बैलगाडी मागे रेटायला गेलं की ती जराशी तिरकी होते न होते तोच आडवी वळते, तसंच हे. नाक किंचित भरकटलं आणि पायलट क्षणभर चुकला, की विमान गर्रकन फिरून पंख जमिनीला घासायचं. त्याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

उड्डाणाच्या वेळी नाकावरच्या पंख्याचीही भर पडे. पंख्यानं मागे फेकलेली हवा पीळ घेत शेपटीच्या एका बाजूवर आदळते. शेपूट उचलताना फिरता पंखा स्वतःच नाक बाजूला ओढतो. हे सगळं सावरायचं ते पायांनी, रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून. पण कोणत्या पायानं?

इथंच गंमत आहे. याच मॉथ घराण्यातल्या टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा पायलटच्या बाजूनं पाहिलं तर डावीकडे फिरे, म्हणून विमान उजवीकडे ओढे आणि डावा पाय दाबावा लागे. पुढे 1958 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘पुष्पक’ उडालं. त्याचे शिल्पकार विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गटिंगनला वायुगतिकीचे नामवंत प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले मराठी अभियंते. 1951 च्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानामागेही तेच होते. पुष्पकमध्ये अमेरिकी काँटिनेंटल इंजिन होतं. पंखा उजवीकडे, ओढ डावीकडे! मॉथवर मुरलेल्या पायाला सगळं उलटं शिकणं आलं. विमान तेवढंच साधं, कापडी, दोन आसनी. पण जुनी सवय नको तोच पाय दाबायची.

पुढच्या विमानांत शेपटीखालच्या आधाराऐवजी नाकाखाली चाक आलं तेव्हा भार मुख्य चाकांच्या पुढे गेला आणि विमान आपणहून सरळ धावू लागलं. बारामतीच्या धावपट्टीवर सेस्नात शिकणारी मुलं ग्राउंड लूपच्या धास्तीतून बरीचशी सुटली आहेत. पंख्याची ओढ मात्र तशीच आहे. थ्रॉटल पुढे गेला की शेजारच्या प्रशिक्षकाचा आवाज येतोच: ‘राइट रडर!’