काराकोरमचे स्थलदर्शक नकाशांकन

काराकोरम पर्वतरांगेतील शिखरे, खिंडी व हिमनद्या त्यांच्या उंचसखलपणासह प्रमाणबद्ध रेखाटण्याचे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेले कार्य. १८५६ मध्ये टी. जी. माँटगोमेरी यांनी काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून सुमारे २०० किमी. दूरची दोन शिखरे थिओडोलाइटने (आडवे व उभे कोन मोजण्याचे दुर्बीणयुक्त उपकरण) वेधली आणि त्यांना के-१ व के-२ या खुणा दिल्या. के-१ला पुढे मशेरब्रम हे स्थानिक नाव लागले, के-२ची मात्र खूणच नाव होऊन राहिली. शिखराचे स्थान असे दुरून ठरले, तरी त्याच्या पायथ्याची हिमनदी तेथवर चालून गेल्याशिवाय कागदावर येत नसे. बाल्टोरो हिमनदीवर ते काम १८६१ मध्ये गॉडविन-ऑस्टिन यांनी केले.

या कामाचे मुख्य साधन होते प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवर बसविलेली, कागद ताणलेली फळी. कागदावर आधीच नोंदलेली तीन शिखरे पट्टीने वेधून त्यांच्याकडून मागे रेषा ओढल्या की, त्या जेथे मिळतात ते सर्वेक्षकाचे स्वतःचे ठिकाण होय. बहुधा त्या एका बिंदूत न मिळता इवलासा त्रिकोण उरतो. मग ढग शिखरे झाकण्यापूर्वी, गारठलेल्या बोटांनी फळी किंचित फिरवून तो नाहीसा होईपर्यंत पुन्हा वेध घ्यावे लागत. त्यानंतर समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) समोरचा उतार पाहत तेथेच काढल्या जात.

बर्फावर झाड वा घर नसल्याने अंतराच्या बाबतीत डोळा फार फसतो. बिआफो हिमनदीच्या उगमाकडील ‘स्नो लेक’ या हिमक्षेत्राचा विस्तार १८९२ मध्ये मार्टिन कॉन्वे यांना ३०० चौ. मैल वाटला होता. प्रत्यक्षात तो त्याच्या लहानशा अंशाएवढाच आहे. १९३९ मध्ये एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत या भागाचे काटेकोर सर्वेक्षण झाले. त्याचे श्रेय पीटर मॉट यांच्याबरोबरच भारतीय सर्वेक्षण विभागाचे फझल इलाही व इनायत खान यांनाही दिले पाहिजे. मोहिमेच्या नेत्याच्या नावाआड ही नावे झाकली जाणे अन्यायाचे आहे.

काराकोरममधीलच शक्सगाम खोऱ्यात १९२६ मध्ये केनेथ मेसन यांनी व १९३७ मध्ये मायकेल स्पेंडर यांनी छायाचित्रांवरून मापन केले. २००० मध्ये अंतराळयानातील रडारने बहुतेक पृथ्वीची उंची मोजली, तरी तीव्र उतारांच्या आड लहरी न पोहोचल्याने अशा पर्वतांत रिकाम्या जागा उरल्याच. शिवाय येथील भूमीच सरकती आहे : १९५३ मध्ये कुटिया हिमनदी सुमारे तीन महिन्यांत १२ किमी. पुढे आली. त्यामुळे हिमनदीचे मुख दाखविताना सर्वेक्षणाचे वर्षही नोंदवावे लागते.